सात डाग, चार खळगे

बाहेरच्या खोलीतल्या गालिच्यावर एकूण अकरा खुणा होत्या. सात डाग आणि चार खळगे. डागांपैकी तीन चहाचे, दोन तेलाचे, एक मेणाचा, आणि एक कशाचा ते बाबांनाही आठवेना. खळगे खिडकीजवळ होते, आईच्या शिलाई मशीनच्या चार पायांचे, प्रत्येकी सहा मिलिमीटर खोल. मशीन मात्र तिथे नव्हतं. दोन वर्षं दोन महिन्यांपूर्वी आजोबा, म्हणजे आईचे अण्णा, पडले, मांडीचं हाड मोडलं आणि त्यांचं सगळं करायला आई माहेरी गेली. जाताना मशीन घेऊन गेली. आजारी माणसाजवळ नुसतं बसून राहणं तिला जमत नाही.

रविवारी ती येणार होती. "बघून जाते," एवढंच फोनवर म्हणाली. कायमची कधी येणार, ते बाबांनी विचारलं नाही. ते लिफ्ट दुरुस्त करतात. आत अडकलेल्या माणसाला घाई करायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलंय. मला फक्त म्हणाले, "घर तिनं सोडलं तसंच दिसायला हवं."

अकराही खुणा मापांसकट वहीत लिहून मी सोमवारपासून कामाला लागले. कृती आईचीच, फोनवरून लिहून घेतलेली.

"सोडा आणि व्हिनेगर एकदम ओतू नकोस," ती म्हणाली होती. "फेस येतो, बघायला मजा वाटते, आणि डाग हसत बसतो."

ते बरोबरच होतं. दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि हाती उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. म्हणून तेलावर खाण्याचा सोडा कोरडाच टाकून रात्रभर ठेवला आणि सकाळी झाडला. चहाला एक वाटी व्हिनेगर, दोन वाट्या पाणी आणि जुन्या सुती चादरीचा तुकडा. मेणावर कागद ठेवून कोमट इस्त्री. प्रत्येक गोष्ट आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात करून बघितली, रंग जात नाही ना म्हणून.

बाबा मदतीला बसले आणि कढई घासावी तसे घासू लागले.

"बाबा, टिपायचं. कडेकडून मध्याकडे. घासलंत तर पसरेल."

"बरं, मास्तरीणबाई. आणि ह्या बिननावाच्या डागाचं काय?"

"त्याला लिंबू लावून बघू."

"मलाही लाव थोडं. कंबर गेली माझी."

शुक्रवारी सकाळपर्यंत सातही डाग गेले. वहीत उरले चार खळगे. प्रत्येकात बर्फाचा एकेक तुकडा ठेवला. बर्फ सावकाश वितळतो, दबलेले धागे पाणी पिऊन फुगतात, मग ते चमच्याच्या कडेनं उचलायचे. चार तासांनी पट्टी लावली. शून्य.

संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले.

"खळगे?"

"गेले. चारही." मी खुशीत होते.

ते खिडकी लावायला गेले, आणि जाताना त्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेले. दोन वर्षं मी तो वळसा रोज बघत होते आणि त्याला सवय समजत होते.

"तिथे मी पाय पडू दिला नव्हता," खिडकीकडे तोंड करूनच ते म्हणाले. "आता ती बघेल, की आपल्यावाचून जागा भरून आली. मग तिला ये म्हणू कोणत्या तोंडानं?"

अकरा खुणा मी एकाच यादीत लिहिल्या होत्या. चूक तिथेच झाली होती.

निदान मापं वहीत होती. भिंतीपासून एक्केचाळीस सेंटिमीटर, खिडकीपासून त्रेसष्ट. बाबांनी खडूनं चार खुणा केल्या. त्यांवर बाटल्यांची चार झाकणं, झाकणांवर फळी, फळीवर तांदळाचा डबा आणि अवजारांची पेटी. तरी कमी वाटलं, तेव्हा माझी कॉलेजची पुस्तकं. सगळं मिळून बावन्न किलो.

"चार वर्षांत पहिल्यांदा कामाला आली ही पुस्तकं," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी फळी काढली. दोन मिलिमीटर.

आई आली ती एका पिशवीनिशी. मशीन नव्हतं. चपला काढून गालिच्यावर उभी राहिली, सगळीकडे नजर फिरवली.

"चहाचे गेले की गं."

"तुझीच कृती."

ती खिडकीकडे निघाली, आणि तिनंही वळसा घातला. मग थबकली, खाली बसली आणि एका खळग्यात बोट ठेवलं.

"इतका उथळ? माझं मशीन काय पुठ्ठ्याचं होतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, बर्फापासून बावन्न किलोंपर्यंत. आई हसली. मग तिनं उरलेल्या तिन्ही खळग्यांतही बोट घालून बघितलं.

"अण्णांना अजून जिना उतरवत नाही हो," ती बाबांना म्हणाली. "एकट्यानं उतरले की येते."

"मशीन घेऊन?"

"मशीन घेऊन."

मंगळवारी ती निघाली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "ती फळी परत ठेवा. आणि अहो, वजन वाढवा थोडं."

आम्ही सत्तर किलो केलं. आजोबा किती पायऱ्या उतरले ते आई दर रविवारी फोनवर सांगते. मी फळी उचलून पट्टी लावते आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिते. आजची नोंद: पायऱ्या बावीसपैकी नऊ, खळगे चार मिलिमीटर.