बाबूभाईंच्या हाताखाली

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला मी चपलेचा जुना तळ वाटेन. पण मी कोळशाच्या खाणीतला, कोळसा वाहून नेणारा रबरी पट्टा होतो. घुग्घुसजवळच्या एका खाणीत मी दिवसरात्र सरकत असे. पाठीवर कोळसा, पोटाखाली फिरणारे रोलर आणि सगळीकडे काळोख. तो काळोख मला झोपेसारखा वाटायचा. बाबूभाई नावाचे फिटर माझी देखभाल करत. मधूनच ते माझ्यावर तळहात टेकवून उभे राहत. त्या उबेत मी आणखीच गुंगत असे.

पुढे मी फाटलो. मला कापून भंगारात टाकलं, तेव्हा बाबूभाईंनी माझा एक तुकडा पायपुसणं करायला घरी नेला. त्यांच्या मुलाने, आरिफने, पुढच्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडून गेम खेळायचं दुकान काढलं होतं. त्याने मला वहीएवढं कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि माउसखाली अंथरलं. "असा पॅड चंद्रपुरातबी नाई," असं पोरं म्हणत. मला फार बरं वाटे.

बाबूभाईंना मात्र ते दुकान डोळ्यांसमोर नको असे. आरिफने खाणीत लागावं, अशी त्यांची इच्छा होती. एकदा ऐन रंगात आलेल्या सामन्यात त्यांनी मेन स्विच पाडला. चारही पडदे काळे झाले. आरिफने हेडफोन काढून ठेवला. आठवड्याभरात तो पुण्याला नोकरीला निघून गेला. फोन करायचा, पण आईला, खैरुनला. बाबूभाईंनी फोन घेऊन 'हॅलो' म्हटलं की तिकडून फोन बंद होई.

"लाइन कटली," खैरुन म्हणायची.

दुकान आता शेजारची पुनम सांभाळू लागली. माझ्यावर जवळच्या कारखान्यातली सिमेंटची धूळ बसे आणि मी अर्धवट झोपेत पडून राही. बाबूभाई निवृत्त होऊन दारातल्या खुर्चीवर बसत. एका संध्याकाळी पुनम सहज बोलून गेली, "चाचा, आरिफभाऊ पुण्यावरून रोज याच टायमाले नेटवर आमच्यासंग खेळते. हेडफोनात आवाज येते त्याचा."

 बाबूभाई उठून माझ्यासमोर येऊन बसले.

"मले शिकव. पण त्याले सांगू नको."

पुनमने त्यांना आरिफच्या गटात घातलं आणि खेळातलं नाव दिलं 'नवा'. त्या गोळीबाराच्या खेळाचा एक नियम होता. गोळी लागली की तो डाव संपेपर्यंत खेळाडू बाद. बाद झालेल्याला जिवंत साथीदारांचं बोलणं ऐकू येई, पण त्याचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे.

बाबूभाई सगळ्यांत आधी बाद होत. माउस माझ्यावरून घसरत खाली पडे आणि बंदूक आभाळाकडे जाई. हेडफोनातून आरिफचा वैतागलेला आवाज येई, "हा नवा कोण हाय बे? भिंतीले गोळ्या मारून राह्यला."

बाबूभाईंनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. "मलेच बोलला तो," ते पुनमला हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

मग रोज दुपारी ते सराव करू लागले. पुनम बाजूला बसून सांगे, "धावता धावता गोळी नका मारू चाचा, नेम हुकते. थांबा, मग दाबा. कोपरा यायच्या आधीच तिथं नेम धरून ठेवा. अन् मेले तर चिडू नका, गोळी कुठून आली ते पाहा." हळूहळू हात हलका झाला. माउस माझ्यावरून पाण्यासारखा फिरू लागला. हेडफोनातल्या पावलांवरून शत्रू कुठल्या बाजूने येतो, ते बाबूभाईंना उमगू लागलं. अर्धवट झोपेत मला वाटायचं, मी पुन्हा सरकतोय आणि माझ्यावर कोणीतरी तळहात टेकवून उभं आहे.

एका संध्याकाळी त्यांचे चारही साथीदार बाद झाले. आरिफही. उरले एकटे बाबूभाई, आणि समोरचा एक. आता आरिफला त्यांचं सगळं ऐकू जाणार होतं, पण मधे बोलता येणार नव्हतं.

बाबूभाईंनी बंदूक खाली केली आणि माईक तोंडाशी ओढला.

"आरिफ, मी अब्बा बोलून राह्यलो. घुग्घुसवरून. तू गेल्यापासून तुह्या मशिनी बंद पडू देल्ल्या नाई. त्या दिवशी म्या स्विच पाडला, ते चुकलं. तू घरी ये, नको येऊ, तुही मर्जी. पण फोन ठेवत नको जाऊ."

ते मोकळ्या मैदानात उभे होते. गोळी आली, पडदा लाल झाला. डाव संपला.

नवा डाव सुरू झाला. आता सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं. बाबूभाईंचा तळहात माझ्यावर टेकलेला होता.

"अब्बा," आरिफ म्हणाला. "बोलाचं असलं तर भिंतीमागं बसाचं असते. मोकळ्यात काऊन उभे राह्यले?"

"मले कोण सांगन?"

"मी सांगतो. या, माह्या मागं मागं या."

मित्रांनो, त्यानंतर लाइन कधी कटली नाही. आता मी कडांनी तुटलो आहे. मला ओल्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, एवढंच माझ्यासाठी मागतो. आणि खेळताना तुमच्या गटात एखादा अगदीच नवखा आला, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला सोबत घेऊन चाला. एवढ्या लांबून तो कोणासाठी आला आहे, ते तुम्हाला कुठे ठाऊक असतं?