बापाचा सोटा

टिबी ऐंशीचा झाला, त्या वर्षी त्याच्या बापाचा सोटा शहरातल्या संग्रहालयातून परत आला.

बाका नदीकाठची त्यांची वस्ती पोलिसांनी उठवली, माणसं ट्रकांत कोंबली, त्याच दिवशी एका पाद्र्याने तो सोटा उचलून नेला होता. टिबी तेव्हा नऊ वर्षांचा; धाकटी एल्वा आईच्या कडेवर. गिडगीच्या लाकडाचा, फेकला तर कांगारू जागीच लोळवणारा सोटा. त्याच्यावर बापाने खाचा कोरल्या होत्या. कुठला पाणवठा कुठे, कुणाची माती कुठे. टिबीचं बोट धरून बापाने ते त्या खाचांतून फिरवलं होतं. बाकी कुणाला त्या खाचा वाचता येत नव्हत्या. पुढे साखरेच्या आजाराने टिबीचे डोळे गेले, तरी तो म्हणायचा, "बोटं आहेत ना!"

संग्रहालयाच्या बाईंनी पेटी उघडली आणि त्याच्या हातात रबरी मोजे दिले.

"हे कशाला?"

"अंकल, कीड लागू नये म्हणून पूर्वी याला विष चोळायचे. ते निघत नाही. इतरांनी हात धुतले तर भागेल, पण तुमच्या बोटांना भेगा पडल्यात. रक्तात जाईल."

त्याने मोजे चढवले. सोटा जड होता, एवढंच कळलं. बाकी बोटांना सगळं रबरच लागलं.

"एल्वे, तू सांग."

"तीन आडव्या रेघा आहेत, दादा. मग नागमोडी."

"खोल कुठली?"

"सगळ्या सारख्याच दिसतात रे."

त्याने मोजा ओढून काढला. एल्वाने त्याच्या मनगटावर फाडकन मारलं.

"मरायचंय? मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

त्याचा हात तसाच हवेत राहिला. मग हळूच मांडीवर आला.

पेटी पंचायतीच्या कचेरीतल्या काचेच्या कपाटात गेली. किल्ली फिरल्याचा आवाज त्याने ऐकला. घरी येताना एल्वा त्याचा दंड धरून चालत होती.

"पोरांना सांग, सोटा आपल्या आबांचाच आहे. मी ओळखला म्हणून सांग."

"ओळखलास?"

"नाही."

घरी तिने चहा केला. तो त्याने घेतला नाही. त्यानंतर भिंतीकडे तोंड करून तो जो पडला, तो आठवडाभर उठला नाही. पाणवठ्यांची नावं पुटपुटायचा, तिसऱ्यानंतर अडायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. एल्वा वही घेऊन उशाशी बसून राहिली. वहीत तीनच नावं झाली.