खणातला काळा

मी काळा बोलतोय. चोवीस तेलखडूंच्या खोक्यातला शेवटून दुसरा. शेवटचा पांढरा. तो कधी बोलत नाही, कारण त्याला कुणी वापरतच नाही, त्यामुळे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही साठत नाही. माझ्याकडे साठलंय. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि तो मी उगवला. निदान मला तसं वाटतं. या ‘वाटतं’ने मला आतून पोखरलंय, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. क्रम कुठे चुकला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. काजळी, मेण आणि थोडं तेल एकत्र मळून साच्यात ओतलं, वर कागदाचा सदरा चढवला, झालो मी. खोक्यात शेजारी तपकिरी होता. भला माणूस, थोडा भित्रा. आमच्यात एक समज पक्की होती, की सगळ्यात आधी मीच संपणार. डोळे, मिशा, चपला, रस्ते, छत्र्या, सगळीकडे मीच लागतो. लवकर संपण्याचा आमच्यात मान असतो.

आमचं खोकं जिथे आलं तिथे आजारी माणसं बरी व्हायला येत नाहीत. चौदा खाटांची ती एकमजली इमारत. औषध असतं, पण ते वेदनेसाठी. बाकीच्यासाठी चित्रताई असते. ती आठवड्यातून चार दिवस खाटेखाटेशी जाते, मांडीवर ठेवायची फळी देते, कागद देते, आम्हाला देते. म्हणते, “चित्र छान यायला नको. तुमचं यायला हवं.” ज्याला बोलता येत नाही तो रेघा ओढतो. जो वर्षभर रडला नाही तो निळा रंग घासता घासता रडतो. माणूस गेल्यावर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मागे राहिलेल्यांचा गट बसतो, त्यांनाही ती आमच्याशीच बसवते.

त्या घराचे दोन नियम होते. पहिला, दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. चित्र ज्याचं त्याचं, आणि त्याच्यामागे त्याच्या माणसांचं. दुसरा कुठे लिहिलेला नव्हता, पण झाडणाऱ्या बाईपासून डॉक्टरांपर्यंत सगळे पाळायचे. तिथे ‘उद्या’ म्हणायचं नाही. “उद्या डोकं धुऊ” असं नर्स कधी म्हणायची नाही. “आत्ता धुऊ, की चहा घेऊन?” असं विचारायची.

पहिल्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा होते. “जगाची घड्याळं चालू केली,” म्हणायचे, “माझं तेवढं सोडून बोला.” त्यांनी तीन दिवस खपून एक कागद पिवळ्याने भरला, कोपरासुद्धा सोडला नाही. मग त्यावर मला घासायला घेतलं. इतकं जोरात, की माझा सदरा फाटला. सगळा कागद काळा झाला. आता टोकदार काडीने तो खरवडला, की खालचा पिवळा रेघांनी वर येतो. त्यांना घड्याळाच्या आतली चक्रं काढायची होती. “चहा घेतो, मग चक्रं,” म्हणाले आणि त्यांचा डोळा लागला.

तेवढ्यात हसरे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. हे तिथले प्रमुख. पांढरा शर्ट, आणि चेहऱ्यावर कायमचं हसू, म्हणून सगळे त्यांना मागून हसरे साहेब म्हणायचे. त्यांनी प्रत्येक भिंतीवर ‘हसत राहा’ची पाटी लावली होती, न्हाणीघरातसुद्धा. पाहुण्याने तो काळा कागद पाहिला आणि म्हणाला, “अहो, हे बघून चांगला माणूस आडवा होईल!” साहेबांनी कागद उचलला. पाठोपाठ तिथे असलेल्या तिन्ही खोक्यांतले काळे काढून घेतले. आजोबा उठल्यावर त्यांनी कागद मागितला. “जपून ठेवलाय,” असं त्यांना सांगितलं गेलं. चौथ्या दिवशी ते गेले. चक्रं आतच राहिली.

मी साहेबांच्या टेबलाच्या खणात होतो. तो कागद खाली, वर आम्ही तीन काळे, वरून कुलूप. फळीला एक फट होती, त्यातून उजेड आणि बोलणं आत यायचं. तिथे मी सूड घ्यायला शिकलो. एकदा आमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा आत आला, त्यावर मी मनसोक्त डाग पाडले. साहेबांनी वरच्या चार फेकल्या आणि बाकीच्या वाटल्या. एवढीच माझी ताकद! मी रोज त्यांच्या पांढऱ्या बाहीचं स्वप्न बघायचो. माझ्यासारख्याला हे शोभतं का, असंही मनात यायचं. पण राग उतरायचा नाही.

मग एका दुपारी ताईचा आवाज आला.

“सर, एकच काळा हवा होता. सहा नंबरच्या मावशींना लेकीचे केस काढायचेत.”

“तपकिरी आहे ना?”

“त्या नको म्हणतात.”

“अहो ताई, या वयात, या अवस्थेत, हातात काळा? आपण इथे आनंद द्यायला बसलोय.”

“केसांसाठीच आहे, सर.”

“घड्याळवाल्यांचंही असंच सुरू झालं असेल. नको. आणि बाहेरूनही आणू नका, आधीच सांगतो.”

बोलताना साहेबांचा गुडघा खणाला टेकला होता. मी त्यांच्यापासून एक वीत लांब होतो. हाक मारायला मला तोंड नव्हतं.

सहा नंबरला काय झालं ते मला पुढे तपकिरीने सांगितलं. तो खोटं बोलत नाही, घाबरतो म्हणून. मावशींनी जन्मभर पार्लर चालवलं होतं. लेकीचं चित्र त्यांनी पूर्ण केलं होतं. शाळेचा फ्रॉक, पुढचा पडलेला दात, हातातली पट्टी, सगळं. फक्त केस राहिले होते.

“तीस वर्षं बायकांचे केस कापले मी,” मावशी म्हणाल्या. “काळा आणि तपकिरी मला ओळखता येत नाही होय?”

ताईने वेगळ्या कागदावर निळ्यात तपकिरी मिसळून दाखवला.

“बघा, झाला की नाही चिखल! अशा केसांची पोरगी दुकानात आली असती तर आधी धुऊन काढली असती तिला.”

नर्सने बॉलपेन पुढे केलं.

“बाई गं, एकेक केस ओढत बसू? तेवढा वेळ असता तर इथे कशाला आले असते?”

सगळे हसले. मावशींना खोकला आला. हसणं थांबल्यावर ताई म्हणाली, “मावशी, उद्या येताना मी बाहेरून आणते.”

तपकिरी सांगतो, तो शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच ऐकू आला. नर्सने मान खाली घातली. ताईला साहेबांची भीती होती, नोकरीची होती, खिडकीतून ऊन तिरपं झालं होतं आणि दुकान दहा मिनिटांवर होतं. ती तेव्हाच उठून जाऊ शकली असती.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. “तुम्हीपण, ताई?” मग स्वतःच हसल्या. “बरं. जागा ठेवते.” पिवळ्याने त्यांनी डोक्याचा आकार काढला आणि कमरेपर्यंत येणाऱ्या वेणीच्या दोन रेघा ओढल्या. आत सगळं कोरं.

दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा सहा नंबरची गादी गुंडाळून ठेवली होती. तिच्या पर्समध्ये नवा कोरा काळा होता.

मी खणात उन्हाळा काढला. उकाड्याने मऊ झालो आणि आजोबांच्या कागदाला चिकटलो. बाहेर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. आणि मग एका शनिवारी, गटाची बैठक संपल्यावर, मावशींची लेक साहेबांसमोर येऊन बसली. फटीतून मला ती अर्धीच दिसत होती. तिशीची बाई. केस मानेपाशी कापलेले, एका बाजूला दोन बोटं जास्त. आईची कात्री तिने स्वतःच चालवली होती हे कुणीही ओळखलं असतं.

“या, या. चहा घेणार?”

“आत्ताच झाला.”

“तुमच्या आईंचं चित्र आम्हाला पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवर घ्यायचंय. मूळ चित्रही इथे फ्रेम करून ठेवू. चित्र तुमचं आहे, तुम्ही म्हणाल त्या भिंतीवर लावू. फक्त केसांचं तेवढं जरा... आमच्या ओळखीचे एक चित्रकार आहेत, ते तपकिरी भरून देतील. हसरं दिसेल.”

“आईने केस का नाही भरले?”

“राहून गेलं असेल. थकल्या होत्या हो त्या.”

“आईचं? केसांचं?” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “अंगात एकशे दोन ताप असताना तिने माझी वेणी तीनदा सोडून तीनदा घातली होती, भांग वाकडा आला म्हणून. मी शाळेला उशिरा पोचले. पण भांग सरळ होता. तिचं केसांचं राहून जात नाही, साहेब.”

दारातून चित्रताईचा आवाज आला. “राहून नाही गेलं. काळा नव्हता. मी मागितला, मिळाला नाही. मग मी...” ती थांबली. “मी उद्या म्हणाले.”

“होता कुठे काळा?”

ताईची पावलं टेबलापाशी आली. 

“सरांच्या खणात,” ताई म्हणाली.

“उघडा.”

“हे बघा, त्यामागे एक विचार होता...”

“विचार मागाहून सांगा. आधी खण उघडा.”

किल्ली फिरली. किती महिन्यांनी पूर्ण उजेड पाहिला! साहेबांनी मला धरून ओढलं. मी सुटलो नाही. जीव खाऊन कागदाला चिकटून राहिलो. त्यांनी नख घालून उपसलं, तेव्हा नख कागदावरून ओढलं गेलं आणि काळ्यातून एक लांब पिवळी रेघ वर आली.

“हे काय?”

“आजोबांची चक्रं,” ताई म्हणाली. “खाली सगळा पिवळा आहे, सर. तुम्ही नेलात तेव्हा त्यांचं अर्धंच झालं होतं.”

साहेबांचं हसू चेहऱ्यावर जागा शोधत राहिलं आणि त्याला ती मिळाली नाही. त्यांनी कपाळावरून हात फिरवला. कपाळ काळं झालं. बाहीने पुसायला गेले, बाही काळी झाली. मी ज्याची स्वप्नं पाहिली ते सगळं एका मिनिटात झालं, आणि खोटं कशाला सांगू, मला अतोनात आनंद झाला.

मग लेकीने मला उचललं. तिचा हात गरम होता. तिने मला टेबलावरच्या चित्रातल्या त्या कोऱ्या वेणीवर धरलं, कागदापासून केसभर वर. मी तयार होतो. मुळापासून टोकापर्यंत, एक पेड सोडणार नव्हतो. याचसाठी मी न झिजता उरलो होतो असं मला त्या क्षणी वाटलं.

“भरा तुम्ही,” ताई हळूच म्हणाली. “तुमचं आहे ते आता.”

“चित्र माझं आहे. केस तिने भरायचे होते.” तिचा हात खाली आला नाही. ती साहेबांकडे वळली. “मी म्हणेन त्या भिंतीवर लावणार म्हणालात ना?”

“हो, म्हणजे...”

“इथे लावा. तुमच्या खुर्चीच्या समोर. ती पाटी काढा आणि हे लावा. रोज बघा. आणि ही जागा कुणीही भरायची नाही. तपकिरीने नाही, कशानेच नाही.”

मग तिने चित्राच्या खाली, मला दाबून धरून, मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘काळा खणात होता.’

साहेबांनी ‘हसत राहा’ची पाटी स्वतः स्टुलावर चढून उतरवली. कपाळ अजून काळंच होतं.

मी खोक्यात परत आलो. ताई अधूनमधून बातमी आणते. साहेबांनी खुर्ची खिडकीकडे वळवून बसून पाहिलं, तर खिडकीच्या काचेत चित्रच दिसायला लागलं. आता खुर्ची पुन्हा सरळ आहे. ते कमी हसतात म्हणे. मला त्यांची दया यावी असं वाटत असेल तर माफ करा, येत नाही. आजोबांना त्यांचा कागद मिळाला नाही. मावशींना मी मिळालो नाही. त्यांनी माफ केलं असेल तर तो त्यांचा मोठेपणा. मी केलेलं नाही.

पण एक शंका जात नाही. मला तीन शब्द मिळाले, वेणी मिळाली नाही. त्या खोलीत मावशी असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक आहे. “अक्षरं काय गिरवत बसलात? पोरीचे केस बघा केवढे वाकडे कापलेत, आधी ते नीट करा.” सुडात आम्ही सगळे इतके गुंतलो, की त्या वाकड्या केसांकडे कुणी पाहिलंच नाही. मीही नाही.

लेक अजून दुसऱ्या शनिवारी येते. केस आता खांद्यापर्यंत आलेत, दोन्ही बाजू सारख्या झाल्यात. मागच्या वेळी तिने मला घेऊन एक कंगवा काढला, नुसता कंगवा, आणि कुणाला न दाखवता घरी नेला.

मी आता नखाएवढा उरलोय. सदरा कधीच गेला, चिमटीत धरला तर बोटं काळी होतात. एखाद्या मिशीत नाहीतर छत्रीत संपेन. संपण्याआधी तुम्हाला एवढंच सांगतो. कुणी पडल्या पडल्या काळा मागितला, तर कशाला म्हणून विचारू नका. लेकीचे केस असतील, घड्याळ असेल, नाहीतर नुसता काळाच असेल. तो त्याच्या हातात द्या.

आत्ता.