मूठ माहूजला, टोक झिंजला

मी एक जुना फिशिंग रॉड आहे. खरं तर अर्धाच आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माणसांवर माझा राग आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर उठा.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने बांबूच्या सहा कामट्या तासल्या, सरसाने चिकटवल्या आणि माझे दोन भाग केले, एक मुठीचा आणि एक टोकाचा. ते एकमेकांत बसावेत म्हणून पितळेचा जोड लावला. माझ्या दोरीला किडा लावत नाहीत. पिसांची खोटी माशी बांधतात आणि ती वाहत्या पाण्यावर अलगद फेकतात. म्हणजे मला नदी लागते. आणि माझा पहिला मालक, एक इंग्रज साहेब, मला घेऊन आला कुठे, तर बहारीनला. तिथे नदी औषधालाही नाही.

साहेब सलमाबादच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. १९७५ साली तो कायमचा परत निघाला तेव्हा त्याने मला आपल्या दोन कारकुनांच्या हातात ठेवलं. "दोघांना मिळून," म्हणाला. तिथेच माझं वाटोळं झालं.

एक होता मार्कस डाबरे, वसईचा, लहानपणी खाडीत गरी टाकून बसलेला. दुसरा शिरीष आगाशे, पुण्याचा. त्याने मासा कधी ताटातही घेतला नव्हता, पण त्याला तंबू, देवदार आणि थंडी हवी होती. साहेबाने जाताना एक फोटोही दिला होता. हिमालयातलं एक राष्ट्रीय उद्यान, त्याच्या कडेने वाहणारा ओढा आणि ओढ्यात ट्राऊट मासे. त्या फोटोने दोघं पार खुळे झाले.

दर शुक्रवारी सुट्टी असायची. शिरीष झिंज भागातून माहूज भागात मार्कसच्या फ्लॅटवर यायचा आणि बेत सुरू व्हायचा. परवान्यासाठी पत्रं लिहिली, स्टोव्ह आणला, तंबू आणला. भर जूनमध्ये तो गच्चीवर उभारून पाहिला. मार्कसची मुलगी फ्लोरी आत गेली आणि तशीच बाहेर आली. "डॅडी, इट्स लाइक अ‍ॅन ओव्हन," म्हणाली. शिरीषने लगेच यादीत लिहिलं, 'तंबूला आणखी एक खिडकी'. असले हे शहाणे.

मार्कसची बायको टेरेसा मला पाण्यात पाहायची. "वसईला दारात समुद्र आहे, तिथे पाय भिजवायला यांना सवड नाही," ती म्हणायची. "आणि शिरीषभाऊ, तुम्ही तर मासे खातही नाही."

"पकडून परत सोडायचे असतात, वहिनी."

"मग पकडायचे कशाला?"

मला ती बाई आवडायची नाही, पण प्रश्न बरोबर होता.

मग मला ठेवायचं कुणाकडे यावरून वाद झाला. तेव्हा या दोघांनी डोकं लढवलं. मूठ मार्कसकडे, टोक शिरीषकडे. म्हणजे कुणी एकटा जाणार नाही. टाळी दिली, चहा प्यायले आणि माझे दोन तुकडे दोन घरांत गेले. मला कुणी विचारलं?

आता यातली खरी गंमत ऐका. स्टोअरमध्ये हे दोघं एकमेकांचे रिलीव्हर होते. मार्कस लीव्हवर गेला की त्याच्या खुर्चीत शिरीष, शिरीष गेला की मार्कस. दोघांना एकदम लीव्ह मिळणं शक्यच नव्हतं. हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी एकजण वसईला लग्नं उरकून यायचा, दुसरा पुण्याला आईवडिलांना भेटून यायचा, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा नकाशा उघडायचा. "पुढच्या वर्षी, इंशाल्ला." अशी आठ वर्षं गेली.

१९८३ च्या एका शुक्रवारी शिरीष आला तो उभाच राहिला.

"मार्कस, माझी लीव्ह पास झाली. अरुणाला घेऊन जातोय तिकडे. मूठ दे."

अरुणा म्हणजे त्याची बायको. मार्कस नकाशा उघडत होता, तो थांबला. "आणि मी?"

"तू माझ्या खुर्चीत. पुढच्या वर्षी तू जा, मी तुझ्या खुर्चीत बसतो. आपण एकत्र कधी जाणार होतो, सांग ना."

"मग आठ वर्षं इथे येऊन काय करत होतास?"

"चहा पीत होतो," शिरीष म्हणाला.

मार्कसचा चेहरा पडला. "मूठ मफी, मिळणार नाही," तो म्हणाला. "खलास. नीघ."

"मग टोकही मफी."

शिरीष गेला. त्या वर्षी तो पुण्यालाच जाऊन आला म्हणे. मार्कसने मला, म्हणजे मुठीला, कपाटामागे फेकलं. ऑफिसात टेबलाला टेबल लागून होतं, तरी पाच वर्षं दोघं बोलले नाहीत. कागद शिवदास नावाच्या नव्या कारकुनाच्या हातून फिरायचे. आणि मी धुळीत. बहारीनची ती खारट, दमट हवा माझ्या पितळेला खात होती. तेलाचा एक थेंब कुणी लावला नाही. भांडण त्यांचं, गंजलो मी.

१९८८ च्या डिसेंबरात दारावरची बेल वाजली. शिरीष होता, हातात कापडी पिशवीतलं माझं टोक. नोकरी संपवून तो दुसऱ्या दिवशी कायमचा जाणार होता. टेरेसाने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"उद्यापासून मी तुझा रिलीव्हर नाही," तो मार्कसला म्हणाला. "तुझ्या खुर्चीत आता शिवदास बसेल. मे महिन्यात लीव्ह टाक. मी पुण्याहून ओढ्यावर येतो."

शिरीषने टोक टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून गेला.

तो गेल्यावर मार्कसने मला बाहेर काढलं आणि टोक मुठीत घालून पाहिलं. जाईना. दोन्हीकडे हिरवा थर चढला होता. तो जोर लावायला लागला तशी टेरेसाने त्याचा हात धरला. "मोडाल आता," म्हणाली आणि शिलाई मशीनचं तेल आणि जुनं फडकं आणून दिलं.

मित्रांनो, कुठली वस्तू दोघांची असेल तर ती दोघांनी पुसावी. वापरणार नसाल तर निदान तेल तरी लावा. एवढंच मागणं आहे, आणि तेही रागानेच मागतोय.

मार्कस रोज ऑफिसातून आला की घासत बसतो. काल टोक अर्ध्यापर्यंत आत गेलं. सकाळी त्याने लीव्हचा फॉर्म भरला, रिलीव्हरच्या रकान्यात शिवदासचं नाव लिहिलं. मी अजून कुणाला माफ केलेलं नाही. पण मे महिन्याला पाच महिने आहेत, आणि तोवर मी बसेन जोडात.