सहीची मोकळी जागा

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी विद्यापीठात मानसशास्त्राला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गातल्या पोरींनी मला कुणाची तरी आई समजून खुर्ची दिली. घरी नवरा म्हणाला, "आता आम्हालाच वेड्यात काढणार तू!" मी म्हटलं, करा टिंगल. आमचा मुलगा नोकरी सोडून तीन वर्षं खोलीत बसला होता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. दार वाजवलं की "हं", एवढंच. त्याच्याशी बोलायचं कसं, ते पुस्तकात तरी सापडेल म्हणून मी गेले होते.

दिवसा कपडे शिवायचे. पाय मशीनवर आणि तोंडात व्याख्या. एका दुपारी दाराआडून आवाज आला, "आई, स्मृतीचे प्रकार तीन. तू दोनच म्हणतेस."

माझा पाय थांबला. मग रोज दुपारी तो उंबऱ्यात बसून माझी परीक्षा घ्यायला लागला. चुकले की म्हणायचा, "ढ आहेस." इतकं गोड मला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी एका माणसाचा अभ्यास लिहून द्यायचा होता. नाव घालायचं नाही, 'प्रयुज्य' म्हणायचं, आणि शेवटी त्याची संमतीची सही. मी मुलावरच लिहिलं, त्याला न विचारता. त्याची झोप, वाढलेली नखं, आंघोळ न केलेले दिवस. 'अलीकडे आईशी बोलतो, प्रगती संथ,' हेसुद्धा. सहीचं नंतर बघू म्हटलं.

एकदा मी अस्तर आणायला बाहेर पडले होते. त्याने प्रश्न काढायला नेहमीसारखी माझी पुस्तकांची पिशवी उघडली असणार. परत आले तर दार बंद आणि त्या अभ्यासाची फाइल बाहेर जमिनीवर.

"अरे, ते नुसतं मार्कांसाठी..." बोलले आणि माझी मलाच लाज वाटली.

आतून "हं" आलं.

शेवटच्या पानावर त्याची सही होती, सुवाच्य, तारखेसकट. झोपेच्या तासांतली माझी एक चूकही त्याने दुरुस्त केली होती. फाइल फाडायला घेतली, पण ती सही फाडवेना. सही केली म्हणजे त्याला चालतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि फाइल देऊन टाकली.

सर म्हणाले, "इतकं बारीक निरीक्षण फार थोड्यांना जमतं." मी वर्गात पहिली आले.

निकाल सांगायला दार वाजवलं. आता "हं"सुद्धा येत नाही. तरी रोज दुपारी मी मशीनवर बसते आणि मोठ्याने म्हणते, स्मृतीचे प्रकार दोन. पुन्हा म्हणते, दोन.