एकोणिसाव्या घराचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. मला हात नाहीत, काठी नाही. एका छोट्या प्रोग्राममधल्या चार ओळी, एवढाच माझा देह.

ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरच्या थेमेलीनाने मला लिहिलं. तिचा बाप स्केवोस समुद्रतळाचे स्पंज काढायला बुडी मारी. खोलवरून घाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात आणि पाय जातात. अशी माणसं तिने लहानपणापासून आपल्या गल्लीत पाहिली होती. म्हणून तिने नावेवरच्या यंत्रात एक तक्ता भरला. दर तीन मीटर खोलीला एक घर, चौपन्न मीटरपर्यंत अठरा घरं. वर येताना वाटेत किती मिनिटं थांबायचं, तो आकडा घरात. शेवटच्या घरात सतरा.

आता संगणकाची एक खोड सांगतो. तिच्या प्रोग्रामला एकोणिसावं घर मागितलं, तर तो आपणहून नाही म्हणत नाही. तक्त्याला लागून स्मृतीत जे पडलं असेल, तेच उचलून देतो. ते होऊ नये म्हणून मी. प्रत्येक मागणी आधी माझ्याकडे येई. घर तक्त्यातलं असेल तर मी आकडा जाऊ देई. नसेल तर पडद्यावर अक्षरं उमटत : माहीत नाही.

सहा मोसम मी राबलो. स्केवोसचा मेहुणा नोमिकोस नावेत बसून पडदा वाची आणि दोरीला हिसके देऊन खाली कळवी. पोरीने यंत्रात स्केवोसची सासू बसवली आहे, अशी कॉफीखान्यात चेष्टा होई. पण रोज संध्याकाळी स्केवोस स्वतःच्या पायांनी धक्क्यावर उतरे. याहून मोठं कौतुक मला नको होतं.

मग रोग आला आणि उथळ पाण्यातले स्पंज मेले. स्केवोस सत्तावन्न मीटरवर जाऊ लागला. तिथे मी "माहीत नाही" म्हणे, आणि तो अंदाजाने अर्धा तास दोरीला धरून थांबे. लेकीला यातलं काही सांगायचं नाही, असं त्याने मेहुण्याला बजावलं होतं.

थेमेलीना तेव्हा अथेन्सला नोकरी करत होती. यंत्र खोली उशिरा दाखवतं, अशी नोमिकोसची तक्रार तिच्याकडे गेली. प्रोग्राम चपळ करायचा तर माझ्यासारखे पहारे काढणं सगळ्यात सोपं. तरी तिने आधी फोन केला.

"बाबा, खरं सांग. चौपन्नच्या खाली जातोस का?"

"गेलो तर तुझी आई घरात घेईल का मला? नाही जात गं."

तिने मला काढलं आणि नवी प्रत पाठवून दिली. पुढचं मला नंतर कळलं.

अकरा जून होता. तक्त्याला लागून स्मृतीत तारीख ठेवलेली असे. सत्तावन्न मीटर विचारताच यंत्राने तीच उचलून दिली : अकरा मिनिटं. सतरानंतर अकरा कसे, म्हणून नोमिकोस थबकला. मग त्याला वाटलं, पोरीने नवी घरं भरून पाठवली असणार, शिकलेल्या माणसाला जास्त कळतं. अकराव्या मिनिटाला त्याने दोरी ओढली.

स्केवोस हसतच वर आला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्याचे पाय गळाले. ते पुन्हा कधी उठले नाहीत.

दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून थेमेलीनाने माझ्या चारही ओळी परत लिहिल्या. तो पडल्यापडल्या बघत होता.

"यंत्र खोटं बोललं का गं?"

"नाही बाबा. त्याला 'माहीत नाही' म्हणता येत होतं. ते मीच काढून घेतलं."

तो म्हणाला, "तू विचारलंस तेव्हा खोटं मी बोललो, पोरी."

मित्रांनो, नाव आता विकली गेली. यंत्र थेमेलीनाच्या मेजावर असतं. कधी कधी ती ते चालू करते आणि सत्तावन्न मीटर विचारते. मी नाही म्हणतो. ती पुन्हा विचारते. तुम्ही मोठेपणी प्रोग्राम लिहाल, तेव्हा कामात आडवा येतो म्हणून माझ्यासारख्याला हाकलू नका. आणि घरचं कुणी काळजीने काही विचारलं, तर खरं सांगा. त्यांचा पुढचा सगळा हिशेब त्या एका उत्तरावर उभा असतो.