दोमितिलाचं माप
पेरूतल्या काताकाओसच्या रस्त्यावर भर दुपारी ट्रक अडवला, आणि कापूस शेतकऱ्यांचा म्होरक्या चिरोके याच्या माणसांनी आधी ड्रायव्हरचं नाक फोडलं, मग विचारलं, कापूस कुठला.

"इथलाच हो, आईशप्पथ!" तो बापडा रक्त थुंकत म्हणाला.

"ते आता मावशी सांगतील," चिरोके म्हणाला आणि त्याने कापूस पारखणाऱ्या दोमितिलाला पुढे घेतलं.

अमेरिकेने पेरूशी व्यापाराचा करार काय केला, तिकडच्या कापसावरची जकात एका सहीसरशी उडाली. सरकारी अनुदानावर पोसलेला तो कापूस इतका स्वस्त उतरायचा, की लिमाच्या गिरण्या इथल्या लांब धाग्याकडे ढुंकून बघेनात. जिनिंग बंद पडलं. दोमितिलाचं स्वतःचं रान बोंडांसकट उभं वाळलं. संताप तिलाही होता. पण या ट्रकवाल्याचा काय गुन्हा? पोटासाठी गाडी हाकणारा माणूस!

चिरोकेच्या हातात कोयता होता, बाकीच्यांकडे पेट्रोलचे डबे. कापूस परका निघाला तर हा जिवंत सुटत नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने ठरवलं, खोटं बोलायचं. 'आपलाच' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

"घाबरू नकोस रे," ती ड्रायव्हरजवळ पुटपुटली.

कुणीतरी ट्रकमधली गासडी फाडून कापसाचा पुंजका दिला. तिने तो दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढला, जुळवला, पुन्हा ओढला, आणि धागे काळ्या फडक्यावर पसरले. तीस वर्षं जिनिंगमध्ये तिचं हेच काम. धागा फडक्यावर टेकला रे टेकला, की पलीकडच्या कारकुनाला ऐकू जावं म्हणून धाग्याच्या लांबीचं माप, मिलिमीटरमध्ये, ओरडायचं.

"अठ्ठावीस!"

आपण काय बोलून बसलो, ते तिला लोकांच्या आरोळीवरून कळलं. इथला कापूस पस्तिसाच्या खाली उतरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"थांबा! अडतीस! अडतीस म्हणायचं होतं मला! आपलाच आहे, मेल्यांनो!"

ती ड्रायव्हरच्या अंगावर पडली. कुणीतरी वेणी धरून तिला फरफटत बाजूला काढलं. पहिला घाव त्याच्या खांद्यात बसला आणि तो गुरासारखा ओरडला.

"चिरोके, पाया पडते तुझ्या! चूक झाली माझी!"

चिरोके वळला. गालावर रक्ताचे शिंतोडे, आवाजात मात्र आदरच.

"तुमची, मावशी? तीस वर्षांत कधी झाली नाही ती?"

आणि त्याने कोयता पुन्हा उचलला.